अंगणातली अवदसा

घोड्यालाही कंटाळा येतो, हे मला आयुष्याच्या उतरणीला लागेपर्यंत ठाऊक नव्हते. शाळेत संस्कृत शिकवताना घोड्याची नावे मी मुलांकडून कितीदा पाठ करून घेतली असतील: अश्व, तुरग, तुरंगम, वाजी, हय. बहुतेक सारी नावे गतीची. कोणी वाट व्यापणारा, कोणी त्वरेने जाणारा. ज्याला कुठेच जायचे उरलेले नाही, अशा घोड्यासाठी कोशकारांनी एकही शब्द ठेवलेला नाही. तो शब्द आमच्या घरात माझ्या पत्नीने दिला, आणि माझ्यासारख्याच्या कानांना तो जितका अशुभ वाटावा तितका अशुभ होता.

आमचे गाव नागभीडच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले. घरामागे लहानसे तळे आहे, त्याला इकडे बोडी म्हणतात, आणि बोडीच्या पलीकडून जंगल सुरू होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पंचक्रोशीत पौरोहित्य करू लागलो. लग्नसराईत बल्लारपूरकडचा एक घोडीवाला आपली पांढरी घोडी घेऊन आमच्या भागात येत असे. तिची माझी ओळख त्या मांडवांमधली. नवरदेवाला वाजतगाजत मांडवाच्या दारापर्यंत आणणे हे तिचे काम, आणि तिथून पुढे त्याला ताब्यात घेणे हे माझे. कित्येक हंगाम आम्ही दोघांनी असे एकमेकांच्या हाती नवरदेव सोपवले.

पुढे नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीतून येऊ लागले. घोडीवाल्याचे गुडघेही धरले. एका उन्हाळ्याच्या शेवटी तो घोडीचा दोर धरून आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“गुरुजी, पोरगा म्हणते, माजरीले चला. खाणीच्या क्वाटरात मी राहीन, पण हे कुठी राहील? बाजारात उभी केली तर कोन नेते, ते तुमाले मालूम आहे. तुमचं घर देवाधर्माचं.”

मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” माझे वाक्य संपण्याआधीच पत्नी बकेटभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन ओसरीच्या पायऱ्या उतरली होती.

“इचार काय करता जी? कोठा रिकामाच आहे,” ती म्हणाली, आणि गुळाचा खडा घोडीच्या तोंडात गेलासुद्धा.

गाई सांभाळणे झेपेनासे झाल्यापासून कोठा खरोखरच रिकामा होता. मुलगी बल्लारपूरला सासरी. घरात आम्ही दोघेच. पत्नी शेतकऱ्याच्या घरची, जनावरांत वाढलेली. रिकामा कोठा तिला देवाविना देव्हाऱ्यासारखा खुपत असे, हे मला त्या दिवशी कळले.

पहिले काही दिवस घोडी मान खाली घालून स्वस्थ उभी असायची. मला वाटले, थकलेल्या जिवाला विसावा मिळाला. पत्नीने मान हलवली.

“थकली नाई जी ते. कटाळली आहे. जनमभर बँड ऐकला तिनं, पुढं नाचणारे पोट्टे, पाठीवर नवरदेव. आन् आता काय, तर तुमचे मंत्र!”

तिचे निदान अचूक होते. कोठ्याच्या फाटकाला आडवी लोखंडी कडी होती; घोडीने ती एके सकाळी ओठांनी सरकवली. मी कडीभोवती तार गुंडाळली. ती तिने उलगडली. मग मी दोर आणला. दोराची गाठ सोडवताना ती डोळे अर्धवट मिटून घेई, जणू एखादा वैदिक अवघड ऋचेचे पद सोडवतो आहे. बाहेर पडून तिला दूर कुठे जायचे नसे. तिला काहीतरी करायचे असे.

माझे सोवळे अंगणात दोरीवर वाळत असे. धुतल्यापासून पूजा होईपर्यंत त्या वस्त्राला घरच्या माणसाचाही स्पर्श चालत नाही. अंगणात वाळणाऱ्या साऱ्या कपड्यांतून घोडीने नेमके तेच धोतर निवडले, दातांत धरून खाली ओढले आणि न्हाणीच्या चिखलातून फरफटत नेले. मी ओलेत्याने दारात उभा. पत्नी हातातले सूप टाकून धावली.

“काऊन वो अवदसे! त्यायचंच धोतर घावलं तुले?”

घोडीने धोतर सोडले, शेपटी उभारली, कडुनिंबाभोवती एक दुडकी फेरी मारली आणि आपल्या पायांनी कोठ्यात जाऊन उभी राहिली. पुढे प्रत्येक वेळी हा क्रम तसाच चालला: आगळीक, मग ते ‘का गं अवदसे’ एवढ्याच अर्थाचे तीन शब्द, मग फेरी, मग कोठा. पत्नीऐवजी मी रागावलो तर ती माझ्याकडे सौम्य नजरेने पाहत राही आणि दातांतली वस्तू सोडत नसे.

शेजारी बोडीत मासे धरणाऱ्याचे घर आहे. त्या घरची बाई चैत्रात जंगलातून मोहफुले वेचून आणून अंगणात वाळत घालते. एका दुपारी कुंपणापलीकडून तिची हाक आली.

“बाई, पाहा वो तुमची घोडी! माह्या मोहात तोंड घालून उभी आहे, माहेरी आल्यावानी!”

“काऊन वो अवदसे!” पत्नी इकडूनच ओरडली. घोडी परतली खरी, पण त्या दिवशीची फेरी तिला सरळ जमली नाही. खालचा ओठ लोंबत होता, डोळे पेंगुळले होते. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “घ्या! गुरुजीच्या घरची असून पिऊन राह्यली!” आणि दोघी बाया कुंपणाच्या दोन बाजूंना इतक्या हसल्या की मला माझा जप थांबवावा लागला.

पोळ्याला शेजारच्या बैलांना बाशिंगे बांधली, ओवाळले, पुरणपोळी चारली. घोडी फाटकावरून मान काढून पाहत होती. बाशिंग हे तर तिच्या ओळखीचे. आयुष्यभर तिच्या पाठीवरच्यांनी तेच बांधलेले. बैल दारावरून निघाले तेव्हा तिने त्यांतल्या एकाचे कागदी बाशिंग हळूच उपटले आणि चावून खाल्ले. पुढच्या पोळ्यापासून पत्नी तिच्यासाठी एक वेगळे बाशिंग करून ठेवू लागली.

आणि एकदा, फाल्गुनातल्या एका मुहूर्ताला, गावातल्याच मांडवात मी मंगलाष्टके म्हणत होतो. वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला, मंडळींच्या मुठीत अक्षता. नवरदेव मोटारीतून आला होता, पण बँड मात्र होता, आणि वाऱ्याने तो आमच्या कोठ्यापर्यंत पोहोचला होता. शेवटचे कडवे सुरू असताना मांडवात शांतता पसरली. मी डोळे उघडले. घोडी बायकांच्या रांगेतून वाट काढत आत आली होती आणि अंतरपाटाशी नवरदेवाच्या मागे, आपल्या हक्काच्या जागी, उभी राहिली होती. दोघेतिघे तिला हुसकायला उठले. नवरदेवाची आजी म्हणाली, “राहू द्या. लक्ष्मी आहे ते.” मी पुढचा शब्द उच्चारणार, तोच मांडवाच्या तोंडाशी धापा टाकत पत्नी आली आणि ऐन मुहूर्तावर साऱ्या मंडळींनी ऐकले:

“काऊन वो अवदसे!”

त्या संध्याकाळी मी पत्नीला जवळ बसवून समजावले. “घरात, मांडवात वास्तुपुरुष संचार करत असतो. माणूस जे बोलतो त्याला तो तथास्तु म्हणतो. अवदसा म्हणजे वाईट दशा. असा शब्द आपल्या तोंडून दिवसातून दहा वेळा जावा, हे बरे नाही. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही.”

ती सुपात तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “तुमच्या वास्तुपुरुषाले नुसते कानच आहेत का जी? डोळे असन ना. पाहून घेईल तो, कोनाले म्हणून राह्यली ते.”

वास्तुपुरुषाच्या डोळ्यांविषयी मी काही वाचलेले नव्हते. तरी तिने माझा मान राखला. दिवा लावल्यावर तो शब्द घरात उच्चारायचा नाही, असे ठरले. झाले असे की घोडीला दिवेलागणीची वेळ विशेष आवडू लागली. ती अंगणात येऊन केरसुणी नाहीतर टोपली दातांत धरी आणि पत्नीकडे पाही. पत्नी ओठ घट्ट मिटून डोळे वटारी. घोडी टोपली सोडत नसे. शेवटी पत्नी पदर खोचून अंगणाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर जाई, वास्तूच्या हद्दीपलीकडे उभी राही आणि तिथून ओरडे: “काऊन वो अवदसे!” टोपली पडे, फेरी होई, घोडी कोठ्यात जाई, आणि पत्नी पाय धुऊन घरात येई. रस्त्याने जाणारे थांबून पाहत. “कोनावर कावून राह्यली वो बाई?” असे कोणी विचारले तर ती सांगे, “सवतीवर!”

हे आमचे सुखाचे दिवस होते.

मग एका थंडीत, सकाळी तुळशीला पाणी घालता घालता ती खाली बसली. बसली असे मला दुरून वाटले. जवळ गेलो तेव्हा तांब्या कलंडलेला होता आणि तिचा उजवा हात तिचा राहिला नव्हता. शेजारणीच्या घरच्यांनी गाडी आणली. चंद्रपूरच्या रुग्णालयात बरेच दिवस गेले. प्राण वाचले, उजवे अंग गेले, आणि वाचा गेली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलणारे. ते म्हणाले, “समजतं त्यांना सगळं. शब्द परत येतील, किंवा येणार नाहीत. तुम्ही बोलत राहा.”

घरी आणल्यावर दिवसा उन्हासाठी तिची खाट ओसरीवर मांडू लागलो. मी बोलत राहिलो. तिला येणारी स्तोत्रे तिच्या कानाशी म्हटली. लहानपणापासून तिला पाठ असलेली आरती अर्ध्यावर सोडून वाट पाहिली. मुलगी आली, महिनाभर राहिली. ती आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणे, “आई, पाणी म्हण. पा-णी.” पत्नी तिच्या ओठांकडे लहान मुलासारखी लक्ष देऊन पाही, घशातून काही हलल्यासारखे होई, मग डोळे मिटून घेई. मी वाग्देवतेचा जप धरला. ज्याने आयुष्यभर शब्दांचीच चाकरी केली, त्याने एका शब्दाची भीक मागावी, आणि तोही कोणताही शब्द, पाणी, मीठ, नको. तिचे बोलणे हा घराचा आवाज होता. तो थांबल्यावर चुलीवरच्या आधणाचा, कौलांवर पडणाऱ्या निंबोळीचा आवाज ऐकू येऊ लागला.

घोडीकडे माझे लक्ष नव्हते. शेजारीण तिला तणीस आणि पाणी घालून जाई. तिच्याशी बोलायला कोणी उरले नव्हते. रिकामी बकेट ती खुराने कोठ्याच्या भिंतीवर आपटत राही. मला तो आवाज सहन होत नसे.

एका दुपारी मी पूजेच्या खोलीत होतो. कडी सरकल्याचा आवाज आला, मग अंगणात खूर वाजले, मग ओसरीच्या फरशीवर. मी उठेपर्यंत घोडीने पत्नीच्या अंगावरची गोधडी दातांत धरून पायापर्यंत ओढली होती. आणि मी उंबऱ्यात असतानाच तो आवाज आला. जरा घोगरा, जरा अडखळलेला, पण तोच.

“काऊन वो... अवदसे!”

गोधडी पडली. घोडीने कडुनिंबाभोवती फेरी मारली आणि ती कोठ्यात गेली. पत्नी माझ्याकडे पाहत होती, स्वतःच्याच आवाजाने दचकलेली. मी खाटेशी गुडघे टेकले. “पुन्हा बोल,” मी म्हणालो. “काहीही बोल.” तिचे ओठ हलले. काही आले नाही. डोळ्यांच्या कडांतून पाणी मात्र आले, दोघांच्याही.

मुलीने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असे होते. माणूस ठरवून बोलू शकत नाही, पण रागाचे, सवयीचे, प्रार्थनेचे काही शब्द वेगळ्या वाटेने झटक्यातून वाचतात. त्यांना बोलते करणारे जे काही असेल ते चालू ठेवा, त्यातून पुढे आणखी शब्द फुटूही शकतात.

प्रार्थनेचे शब्द तर मी रोज तिच्या कानाशी म्हणत होतो. ते वाचले नव्हते. वाचला होता तो ‘अवदसा’ हा शब्द.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने कोठ्याचे फाटक सताड उघडले. ओसरीत तांदळाचे सूप उघडे ठेवले. सोवळ्याची दोरी खाली घेतली. देवाला नमस्कार करून सांगितले की काही दिवस माझे सोवळे घोडीच्या दातांतून येईल, ते गोड मानून घे. मग बसून वाट पाहिली. घोडी उघड्या फाटकात येऊन उभी राहिली, तिने सुपाकडे पाहिले, धोतराकडे पाहिले, जांभई दिली आणि परत फिरली. पत्नी दिवसभर फाटकाकडे नजर लावून होती. संध्याकाळी तिने तोंड भिंतीकडे केले.

शेजारीण कुंपणावरून सारे पाहत होती. “गुरुजी, असं दार उघडं ठेवल्यावर कोनाले मजा येईल? तुम्ही बोलावलं तर ते पाहुणी झाली ना. बांधा, पक्कं बांधा तिले!”

मग मी गाठी बांधू लागलो. सकाळी पूजा झाली की कोठ्यापाशी बसून दोराला गाठ मारी. सैल बांधली तर घोडी दुर्लक्ष करी, फार आवळली तर चिडून बकेट आपटी. सुटेल, पण सोडवावी लागेल, अशी गाठ तिला हवी असे. हळूहळू मला ती जमू लागली. धोतर उंचावर, पण मान ताणल्यावर ओठ पोहोचतील इतक्याच उंचावर. शेजारणीने ओंजळभर मोह आणून दिला, तो मी टोपलीखाली झाकून ठेवी. तयारी झाली की मी आत जाऊन पोथी उघडी आणि एकही अक्षर न वाचता कान देऊन बसे. कडी वाजे. खूर वाजत. आणि ओसरीवरून तो आवाज येई. कधी पूर्ण, कधी अर्धा, कधी नुसते “अवदसे”. फेरी होत असताना पत्नीच्या चेहऱ्याची डावी बाजू हसे.

दुसरा शब्द फुटला नाही. पाणी नाही, मुलीचे नाव नाही. पण एकदा मी तिला पेज भरवत होतो. पेज फार गरम राहिली होती आणि माझ्या ध्यानात आले नाही. चमचा ओठांना लागताच तिने मान मागे घेतली, डोळे वटारले आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “काऊन वो अवदसे!”

आमच्यात बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. लग्नानंतर घराच्या उंबऱ्यावर एकदाच, उखाण्यात, तिने माझे नाव घेतले होते. त्यानंतर सारे आयुष्य ‘ऐकून राह्यले का जी’ एवढ्यावर चालले. आता तिच्यापाशी एकच हाक उरली होती, ती तिने मला मारली.

“ओ,” मी म्हणालो.

तिचे डोळे माझ्यावर थांबले. मग तिने तोंड उघडले. मी पेज फुंकून गार केली आणि भरवली.

त्यानंतरची एक संध्याकाळ. दिवा लावून मी ओसरीवर आलो तेव्हा घोडी खाटेपाशी उभी होती, गोधडीचे टोक तिच्या दातांत. मी त्या वेळेसाठी गाठ बांधली नव्हती; ती आपल्या जुन्या सवयीच्या वेळी आली होती. पत्नीने डाव्या हाताने गोधडीचे दुसरे टोक धरले होते, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटले, आज शब्द येत नाही. मग तिने माझ्याकडे पाहिले, देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे पाहिले, आणि पुन्हा माझ्याकडे. तेव्हा मला समजले. सारे गेले होते, भाषा गेली होती, आणि माझे ते सांगणे तिच्याजवळ राहिले होते. दिवा लागला आहे. घरात बोलायचे नाही. आणि फाटकाबाहेर जाण्यासाठी तिला पाय नव्हते.

“बोल,” मी म्हणालो. “घरातच बोल. वास्तुपुरुषाला ऐकू दे.”

तिला खात्री पटेना. मी तिच्या हातावर हात ठेवला. “बोल.”

“काऊन वो अवदसे,” ती म्हणाली. ओरडली नाही, हळू, जवळजवळ लाडाने. घोडीने गोधडी सोडली. मी डोळे मिटले आणि ज्याच्या कानांना मी इतकी वर्षे भ्यालो, त्याला मनात म्हणालो, तथास्तु म्हण. ही वाईट दशाच आमची, हीच राहू दे. ही खाट, ही ओसरी, ही घोडी, हा एक शब्द. एवढ्याला तथास्तु म्हण.

पावसाळा सरता सरता तिला दुसरा झटका आला. या वेळी डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितले. धान निसवले होते, हवेत त्याचा वास होता. तिची नजर कधी माझ्यावर येई, कधी माझ्यातून पलीकडे जाई. शेवटच्या दिवसांतल्या एका सकाळी मी नेहमीची गाठ बांधली. गाठ नीट बसली नाही, तरी घोडीने ती सोडवली आणि ती आली. तिने गोधडी धरली. पत्नीने डोळे उघडले. ओठ हलले, पहिल्या शब्दासाठी जसे गोल होतात तसे झाले. आवाज आला नाही. पुन्हा झाले. पुन्हा नाही.

घोडी तशीच उभी राहिली. दातांत गोधडी, कान पुढे टवकारलेले. ती ओढेना आणि सोडेनाही. ऊन पायरीवरून अंगणात उतरले तरी ती उभी होती. अखेर शेजारीण आली, तिने घोडीच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाली, “चाल वो माय. नाई होत आता तिच्यानं.” गोधडीचे टोक तिने घोडीच्या दातांतून हळूच काढून घेतले, जसे झोपलेल्या मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावे.

पत्नी गेली ती भर दुपारी, मी तिच्या कानाशी नाम घेत असताना. शेवटपर्यंत दुसरा शब्द आला नाही.

दिवस झाले. क्रियाकर्म मी यथाशास्त्र केले. इतरांसाठी जे मंत्र म्हणत आलो तेच. खाट धुऊन भिंतीशी उभी केली होती, ती तेराव्यानंतर आडवी केली आणि त्यावर गोधडी घडी करून ठेवली. दोनेक दिवसांनी कडी वाजली. घोडी ओसरीवर आली, तिने घडी विस्कटली, गोधडी दातांत धरली आणि वाट पाहू लागली.

मी समोर उभा होतो. त्या शब्दाने मी आयुष्यात कधी कोणाला हाक मारली नव्हती. ती बोलीही माझ्या जिभेवर कधी बसली नव्हती. तरी म्हणालो, “काऊन वो अवदसे.” जितके तिच्यासारखे म्हणता येईल तितके. घोडीने माझ्याकडे पाहिले नाही. तिचे कान मागे, घराच्या आतल्या खोलीकडे वळले आणि तिथेच राहिले. मी गोधडीचे दुसरे टोक धरले. मला ती ओढून घ्यायची नव्हती. आम्ही दोघे तशीच दोन टोके धरून उभे राहिलो. मग तिने आपणहून टोक सोडले. फेरी मारली नाही. सावकाश पायऱ्या उतरून कोठ्यात गेली.

त्यानंतर ती कडी उघडत नाही. मुलगी म्हणते, बाबा, बल्लारपूरला चला; फ्लॅटला लिफ्ट आहे, जवळच देऊळ आहे. घोडीसाठी शेजारीण तयार आहे. मी नाही म्हणालो. सकाळी पूजा झाली की मी कोठ्यापाशी बसतो आणि दोराला गाठ मारतो. सुटेल, पण सोडवावी लागेल अशी. धोतर ओठ पोहोचतील इतक्या उंचीवर वाळत घालतो. संध्याकाळी गाठ जशीच्या तशी असते आणि सोवळे स्वच्छ असते.

दिवेलागणीला मी दिवा लावतो, हात जोडतो, आणि ओसरीवर येऊन उभा राहतो. फाटकाबाहेर जात नाही. घरातच, वास्तूच्या मध्यभागी, दिवा लागलेला असताना तो शब्द एकदा मोठ्याने म्हणतो. कोठ्यात घोडी मान वर करते, माझ्या बाजूने नव्हे, खाटेच्या बाजूने पाहते, आणि अंधार पडेपर्यंत तशीच उभी राहते.